कमानपाटे

हमद बिन सुहैलची हायलक्स
मागून बसलेली, उकिडव्या म्हाताऱ्यासारखी.
सतरा वर्षं त्याच पाट्यांवर
पाण्याची टाकी, गवताचे भारे, आणि ती सांडणी
जिचं नाव तो मुलांच्या आधी घेतो.

अल ऐनच्या सनैयात बुधवारची दुपार.
पत्र्याखाली बेचाळीस, पत्र्यावर किती ते विचारू नका.
गुलजरीनने जॅक लावला, चेसीखाली घोड्या दिल्या,
मागची चाकं काढून भिंतीला टेकवली.

यू-बोल्ट सुटेनात.
डिझेल पाजलं, हातोडीने समजावलं,
शेवटी गॅसने तांबडे केले तेव्हा कुरकुरत आले.
आत वाळू. बुशमध्ये वाळू, पाट्यापाट्यात वाळू,
इतकी बारीक की ग्रीसशी तिचं लग्नच लागलेलं.
जुने पाटे जमिनीवर मांडले:
कमान उलटी झालेली,
डाव्या बाजूची जास्त.
"ती डावीकडेच बसते," हमद म्हणाला,
"मी चालवत असलो की तिला माझ्या मानेशी श्वास सोडायचा असतो."

नवा माल खोक्यात, काळ्या रंगाचा वास अजून ताजा.
सहा-सहा पाटे, पिवळे बुश, शॉकअब मनगटाहून जाड,
आणि एक कागद.
मी कागद वाचतो.
चिपळूणच्या आयटीआयत खातूसर म्हणायचे,
कागद न वाचणारा एकच काम दोनदा करतो.

तोवर गुलजरीनने बोल्ट आवळून टाकलेले,
दात खाऊन, मानेच्या शिरा फुगवून.
मी म्हटलं, सैल कर.
तो बघत राहिला.
म्हटलं, ॲक्सल लोंबत असताना आवळशील
तर बुश त्याच जागी धरून बसेल,
गाडी खाली आली की पिळवटेल, महिन्यात फाटेल.
चाकं चढव. जमिनीवर सोड.
अंगावर वजन येऊ दे, मग शेवटचा पीळ.

पण वजन आणायचं कुठून?
टाकी तिकडे वाळवंटात, सांडणीही तिकडेच.
मग टायरवाला कुंजुमोन हौद्यात चढला,
रेडिएटरच्या दुकानातले दोघे बंगाली,
डेंटिंगवाले सगळे,
चहा घेऊन आलेला पोरगा किटलीसकट,
शेवटी हमद स्वतः, कंदुरा गुडघ्यापर्यंत उचलून.
अकरा माणसं.
मी खाली, पुठ्ठ्यावर, पाठ टेकून.

वर कोणीतरी काहीतरी बोललं,
मला येणाऱ्या भाषांपैकी एकीतही नाही,
आणि सगळे हसले,
आणि पाटे हलले.
माझ्या नाकापासून वीतभरावर
ते काळं पोलाद हसण्याबरोबर वरखाली.
हलू नका रे! ओरडलो. मराठीत.
कुणाला कळलं नाही. कुणी हललंही नाही.
पान्याने टक् केलं.
दुसरा बोल्ट. टक्.
टेप लावून मोजलं, चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत:
चोपन्न. पलीकडेही चोपन्न.
किटलीतला चहा तेवढा सांडला होता.

सकाळी हमद परत, कपाळ चोळत.
स्पीडब्रेकरवर गाडी उडाली, डोकं छताला.
"फार कडक केलीस."
मोडक्या अरबीत म्हटलं, रिकामी आहे ना बाबा.
भारासाठी घडवलेली. रिकामी उड्या मारणारच.
तो सांडणीला आणायला गेला.

मी साबणाची पावडर आणि लाकडाचा भुसा घेऊन
हात चोळत बसलो.
मार्चमध्ये घरी गेलो होतो, सहा आठवडे.
खांद्याला पिशवीसुद्धा लावू देत नव्हते कुणी.
उंबऱ्याला, कपबशीच्या आवाजाला,
धाकटीच्या साध्या प्रश्नाला
मी उडत होतो जागच्या जागी.
मैमुना म्हणाली, तुम्ही फार कडक झालात.
तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं.

संध्याकाळी हायलक्स समोरून गेली,
सरळ, हॉर्न न देता.
मागे ती.
डावीकडे, मान लांब करून.